शिवण घट्ट, चेहरा साधा

जळगाव,
मार्गशीर्ष

चि. सौ. बेबीस,


तुझं पत्र मिळालं. ब्लाऊज आणि फॉल-पिकोचं काम सांभाळून दुपारच्या वेळात कापडी बाहुल्या शिवायच्या, आधी गल्लीतल्या आणि नात्यातल्या लेकरांसाठी, मग हात बसला तर विकायला, हा तुझा विचार मला मनापासून आवडला. पत्रासोबत तू पाठवलेली चित्रंही पाहिली. गुलाबी गाल, सोनेरी केस, मोत्याचे डोळे, जाळीचा फ्रॉक. शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून कारागिरी म्हणून त्या बाहुल्या मला छानच वाटल्या. पण दोन वर्षांच्या पोराच्या हातात त्यातली एक दे. पाय धरून ती घरभर ओढली जाईल, तिचं डोकं तोंडात जाईल, ओट्यावरून खाली पडेल, अंगणात पाण्यात बुडेल. संध्याकाळी तिचा एक मोती तरी नाहीसा झालेला असेल आणि तो कुठे गेला हे शोधताना तुझ्या पोटात गोळा येईल.

म्हणून सगळ्यात आधी हे ठरव की तुझी बाहुली कपाटाच्या काचेमागे बसायची नाही. तिच्याशी झोंबाझोंबी व्हायची आहे. कापड कोणतं, आत काय भरायचं, टाका केवढा, डोळे कशाचे, हे सगळं मग त्यावरूनच ठरतं.

आपल्याकडची जुनी चिंध्यांची बाहुली तू फार लहानपणी पाहिली असशील. माझी आई, म्हणजे तुझी आजी, ती सुईशिवायसुद्धा करायची. विटलेल्या लुगड्याची हातभर पट्टी घ्यायची, तिची घट्ट गुंडाळी करायची, ती मधोमध दुमडायची. वरच्या टोकाला दोऱ्याचे आठ-दहा वेढे दिले की डोकं आणि मान तयार. एक बारीक गुंडाळी आडवी घालून बांधली की हात. वरून काठाचा तुकडा नेसवायचा. अशी बाहुली घडीभरात व्हायची आणि मोडली तर घडीभरात पुन्हा बांधता यायची. आखाजीला लेकी माहेरी आल्या, निंबाला झोके बांधले गेले, की त्यांच्या पोरींच्या हातात अशाच बाहुल्या असायच्या. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसायची, कुणी तिला गुलाबाई म्हणतं. ती मातीची, तिला हात लावायचा नाही, फक्त गाणी म्हणायची आणि खाऊ ओळखायचा. ज्या बाहुलीला हवं तसं हाताळता यायचं, जिचं लग्न लावता यायचं, जिला रागवता यायचं, ती मात्र चिंध्यांचीच.

ही रीत आपलीच आहे असंही नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमध्ये सापडलेली, रोमन काळातली एक कापडी बाहुली ठेवली आहे. जाडसर लिनन, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे कोंबलेले. दीड हजार वर्षांच्या वर झाली. तिथल्या कुण्या बाईनेही घरात उरलेलंच वापरलं.

लेकराला कापडच का लागतं, याबद्दल एक गोष्ट सांगते. १९५८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या पिल्लांवरचे आपले प्रयोग मांडले. आईपासून तोडलेल्या पिल्लांसमोर त्याने दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी टॉवेलसारख्या मऊ कापडाने मढवलेली. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लू दूध पिण्यापुरतं तिच्याकडे जाई आणि बाकी सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून राही. घाबरलं की तिच्याकडेच धावे. प्रयोग निर्दय होता, पिल्लांचे हाल झाले, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्यातून जे दिसलं ते बाहुली शिवणाऱ्या बाईने विसरू नये. लेकरू बाहुलीला आधी अंगाने ओळखतं, डोळ्यांनी नंतर.

आता कापडाचं. तुझ्याकडे ब्लाऊजच्या कतरणीची गोणी भरलेली असणार. तिच्यातून टू बाय टू रुबिया आणि सुती अस्तराचे तुकडे बाजूला काढ. बाहुलीच्या कपड्यांना ते उत्तम. सॅटिन आणि ब्रोकेड वेगळं टाक. त्याचे धागे सुटतात, शिवण सरकते, आणि जर लेकराच्या गालाला टोचते. नायलॉनची जाळी तर घेऊच नकोस. ती पटकन पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. बाहुलीच्या अंगासाठी मांजरपाट किंवा घट्ट विणीचं पॉपलीन आण. मांजरपाट खळ काढायला एक रात्र पाण्यात भिजव, उकळत्या पाण्यातून काढ, वाळव, इस्त्री कर आणि मगच बेत. कापड आटायचं तेवढं आधी आटलं पाहिजे. नाहीतर पहिल्या धुण्यात बाहुलीचं अंग आखडतं आणि शिवणी तटतटतात. रंगीत कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासून बघ. फडक्याला रंग लागला तर ते कापड तोंडात जाणाऱ्या खेळण्याला चालणार नाही, कितीही सुंदर असो.

जुनं लुगडं, जुनं धोतर वापरायचं असेल तर जरूर वापर. त्याच्याइतकं मऊ नवं कापड मिळत नाही. मात्र उजेडासमोर धरून बघ. जिथे वीण विरळ दिसते तिथे शिवण टिकणार नाही. अशा कापडाला आतून दुसरं कापड लावून दोन पदर एक कर, गोधडीला करतो तसा धावदोरा घाल, मग बेत.

आत काय भरायचं, हे तू विचारलंसच नाहीस. बाजारातून फायबर आणायचं असं गृहीत धरलेलं दिसतं. अगं, आपण कापसाच्या मुलखात राहतो. जळगाव, धरणगाव, बोदवड या पट्ट्यात जिनिंग आहेत, तुमच्या धुळ्याकडेही आहेत, आणि सध्या वेचणीचे दिवस आहेत. सरकी काढलेली रुई घे आणि पिंजाऱ्याकडून किंवा गादीवाल्याकडून पिंजून आण. कवडीचा कापूस नको. तो डागाळलेला, किडका असतो आणि त्यात सरकीची टरफलं राहतात. सरकीत तेल असतं. भरलेल्या खेळण्यात ती राहिली तर डाग पडतात, किडे होतात, उंदीर कुरतडतात. म्हणून पिंजलेला कापूसही भरण्याआधी परातीत पसरून बोटांनी चाचपायचा, काडी-कचरा वेचायचा. जुन्या गादीतला कापूस लेकराच्या खेळण्यात भरू नकोस. कितीही पिंजला तरी त्यातली धूळ जात नाही.

पूर्वी आपल्याकडच्या देशी कापसाचा धागा आखूड आणि खरबरीत असायचा. सुताला तो हलका मानत, पण गादीला नामी, कारण तो दबला तरी परत फुगतो. आता शेतात बहुतेक बीटी कापूस आहे, त्याचा धागा लांब आणि मऊ. तो लवकर बसतो. म्हणून तुला वाटतं त्यापेक्षा जास्त भरावा लागेल. फूटभर उंचीच्या बाहुलीला शंभर-सव्वाशे ग्रॅम तरी धर. आधी हातापायाची टोकं, मग पोट, मान शेवटी. एकदम मोठा गोळा कोंबायचा नाही, चिमूट चिमूट भरायची आणि पेन्सिलीच्या बोथट बाजूने सारायची, म्हणजे गाठी होत नाहीत. मानेत कापूस कमी पडला की डोकं कलतं. नव्या हाताची बहुतेक बाहुली मानेतच फसते. मानेच्या मधोमध कापडाची एक घट्ट गुंडाळी बसव, डोक्यात दोन बोटं आणि धडात दोन बोटं जाईल अशी, आणि तिच्याभोवती कापूस भर.

कापसाची एक अडचण आहे, तीही ऐक. तो पाणी धरतो आणि आत लवकर वाळत नाही. पावसाळ्यात धुतलेली बाहुली आतून कुबट होते. त्यामुळे कापूस भरलेलं खेळणं लहान ठेव, धुवायचं ते सकाळी, मुठीत दाबून पिळायचं आणि कडक उन्हात उलटसुलट करत दोन दिवस वाळवायचं. आपल्या खानदेशच्या उन्हाला अख्खा मुलूख नावं ठेवतो, पण मे महिन्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेलेलं ते ऊन बाहुलीला धोब्यापेक्षा चांगलं साफ करतं. ज्या घरी लेकरू अजून शी-शू करतं, जिथे खेळणं रोज धुवावं लागेल, तिथे फायबर भर. त्यात कमीपणा नाही. शेंगदाणे, ज्वारी, वाळू यातलं काही लहानग्यांच्या खेळण्यात भरू नकोस. शिवण उसवली की ते थेट तोंडात, नाकात.

वाळूचा विषय निघाला म्हणून एक जर्मन बाई आठवली. १९०५ साली कॅथे क्रूझच्या लेकीला बाहुली हवी होती. नवरा शिल्पकार. दुकानातल्या कडक, गार बाहुल्या त्याला आवडल्या नाहीत, त्याने सांगितलं, तूच कर. तिने टॉवेलमध्ये वाळू भरली, डोक्याच्या जागी बटाटा बांधला. पोरगी खूश. त्या बाहुलीला खऱ्या बाळासारखा भार होता. पुढे तिने त्यातूनच मोठा कारखाना उभा केला. वाळू आपल्याला नको, पण बाहुली कडेवर घेतल्यावर लेकराला काहीतरी घेतल्यासारखं वाटलं पाहिजे. त्यासाठी ढुंगणाच्या आणि मांड्यांच्या भागात कापूस अगदी ठासून भर आणि हात मात्र सैल ठेव, म्हणजे ते गळ्यात पडतात.

सुरुवात बाहुलीने करू नकोस. पहिल्यांदा केळं शिव. रावेर-यावलच्या बागांमुळे आपलं केळं देशभर जातं, आणि त्याचा आकार शिवायला सोपा: तीन सारख्या वाकड्या फाका, दोन टोकं, झालं. त्यावर तुझा बाक घेणारा हात बसेल. मग भरताचं वांगं. जांभळं नाही हं, आपलं जळगावचं हिरवट, पांढऱ्या रेघांचं. वर गडद हिरव्या कापडाचा देठ. २०१६ साली जळगावच्या केळ्याला आणि भरताच्या वांग्याला दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, पण भातुकलीच्या दुकानात मिळतात ती प्लॅस्टिकची स्ट्रॉबेरी आणि ब्रोकोली. घरात ज्याचं भरीत होतं तेच वांगं लेकराच्या भातुकलीत असावं, ही माझी हौस समज. मग पोळ्याचा बैल कर, चार पाय आणि शिंगं. बैल जमला की बाहुली जमतेच.

बैलावरून आठवलं. मार्गारेटे स्टाइफ नावाची अशीच एक जर्मन शिवणकाम करणारी. लहानपणी पोलिओ झालेला, पाय गेलेले, उजव्या हातात जोर नाही. १८८० साली तिने नमद्याचा छोटा हत्ती शिवला तो टाचण्या खोचायला. आजूबाजूच्या मुलांनी तो उचलला आणि खेळायला घेतला. मुलांनी काय उचललं ते तिने पाहिलं आणि पुढे तेच शिवत गेली. तूही शिवलेली चार-पाच खेळणी सतरंजीवर टाक आणि गल्लीतली पोरं सोड. तू काही बोलू नकोस. कोणतं आधी उचलतात, कसं धरतात, कुठे चावतात, ते बघ. मोठ्यांना विचारलंस तर ते फ्रॉकची तारीफ करतील.

आता शिवण. इथे तुला सूट नाही. माया पाव इंच ठेव. मशीनचा टाका बारीक कर; ब्लाऊजला लावतेस त्यापेक्षा बारीक. प्रत्येक शिवण दोनदा मार, दुसरी टीप पहिलीच्या अगदी शेजारून. सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप. बगल, मांडीचा सांधा आणि मान या तीन ठिकाणी तिसरी टीप, कारण लेकरू बाहुली धरतं ते हात नाहीतर पाय धरून. बाकावर मायेला कातरे दे, पण टिपेच्या जरा अलीकडे थांब. उभा धागा बाहुलीच्या उंचीत ठेव. उरेब पडला तर भरल्यावर ती तिरकी होते. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा घे. भरायला ठेवलेलं तोंड पाठीत ठेव, कुशीत नको, आणि ते हाताने बंद करताना टाके आतून लपवत ये, दोनदा. हात आणि पाय वेगळे करून वरून चिकटवल्यासारखे लावू नकोस. धडाच्या शिवणीत धरून टिपेत घे. सगळं झालं की दोन्ही हातांनी धरून जोरात ओढ. तुझ्या हातात उसवली तर बरं, नंतर उसवण्यापेक्षा.

सुया मोजून घ्यायच्या आणि मोजून ठेवायच्या. टाचण्याही. रंगीत डोक्याच्या मोठ्या टाचण्या घे, बारीक स्टीलच्या नको. एक जरी कमी भरली तर त्या दिवशी भरलेली प्रत्येक बाहुली दाबून बघायची, लोहचुंबक फिरवायचं, आणि तरी सापडली नाही तर उकलायची. शाळेत माझ्या मुलींना हा नियम जाचक वाटायचा. मी तो कधी सैल केला नाही आणि तूही करू नकोस.

चेहऱ्याबद्दल माझी मतं ठाम आहेत. बटण, मोती, टिकली, चिकटवलेले प्लॅस्टिकचे डोळे, यातलं काहीही नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या मानकात एक नळी ठरवलेली आहे, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, त्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू लेकराच्या घशात अडकू शकते असं धरतात. बटण त्यात सहज मावतं. आपल्या तांड्यावरच्या बंजारा बायका आरसे आणि कवड्या लावून जे काम करतात ते पाहून माझे डोळे दिपतात. चाळीसगावकडे तुझी ये-जा असते, तेव्हा त्यांच्याकडून टाके जरूर शीक. पण आरसा आणि कवडी मोठ्यांच्या पिशवीवर शोभू दे. बाहुलीचे डोळे दोऱ्याने भरायचे. मोठ्या पोरीच्या बाहुलीलासुद्धा. तिला धाकटं भावंड असतंच.

डोळे काढताना ते चेहऱ्याच्या अर्ध्या उंचीवर किंवा थोडे खाली घे आणि एकमेकांपासून लांब ठेव. वर घेतलेस तर बाहुली पोक्त दिसते. कापड सपाट असताना खडूने खूण कर, गोल फ्रेममध्ये ताणून भर, गाठ मागे दडव. दोन डोळे, एक छोटी रेघ तोंडाची. बस. पापण्या, लाल ओठ, गालावर रंग, काही नको. आणि ठसठशीत हसू तर नकोच. लेकरू रडतं तेव्हा त्याच्या बाहुलीनेही रडायचं असतं. ती खिदळत बसली तर त्याला तिचा उपयोग नाही. जर्मनीतून जगभर पसरलेल्या वॉल्डॉर्फ शाळांत बाहुलीचा चेहरा मुद्दाम असाच जवळजवळ कोरा ठेवतात. तुझ्या आजीच्या बाहुलीला तर चेहराच नव्हता, आणि आम्हा बहिणींना तिचा राग-लोभ सगळा कळायचा.

आणि बेबी, अंगाचा रंग. तू पाठवलेल्या सगळ्या बाहुल्या गोऱ्या. आपल्या गल्लीत किती पोरं तशी आहेत? मांजरपाट चहाच्या दाट पाण्यात उकळ, थोडी तुरटी टाक, गव्हाळ रंग येतो. अजून दोनदा केलंस तर सावळा. रंग एकसारखा यावा म्हणून मोठं पातेलं घे आणि ढवळत राहा, मग थंड पाण्यात तीन-चारदा खळबळ. सावळ्या पोरीच्या हातात सावळी बाहुली दे आणि तिला सुंदर नेसव. घरातले कुणी म्हणतील, काळी का केली? त्यांना सांग, हिच्यासारखी केली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शाळेत रंगावरून खाली मान घालणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

केस काळ्या लोकरीचे कर, आणि डोक्याच्या शिवणीत धरून किंवा एकेक पेड टाक्याने बसवून, ओढून निघणार नाहीत असे. मोठ्या मुलांच्या बाहुलीला केळीच्या सोपटाचा धागा वापरून बघ. भिजवून चिरला की लांबसडक पेड निघतात, त्यांची वेणी छान बसते. तान्ह्यांना मात्र लोकर किंवा नुसतं काळं कापड. कपडे काढता-घालता येतील असे शिव, कारण बाहुलीला कपडे घालता घालताच पोरं स्वतःची गुंडी लावायला शिकतात. लुगडं, धोतर, बंडी, सदरा, पावरा बायकांचा घेरदार पोशाख, जे आजूबाजूला दिसतं ते. नाडी आणि दोरी वीतभरापेक्षा लांब ठेवायची नाही, गळ्याभोवती फास बसतो. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना पाळण्यात किंवा झोळीत कोणतंही मऊ खेळणं ठेवायचं नाही, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाहुली देताना हे आईला तोंडाने सांग. संक्रांत जवळ आली, बोरनहाणाला तुझ्याकडे मागणी येईलच. त्या वयाच्या लेकरांना केळं-वांगं दे, बाहुली पुढच्या वर्षी.

मुलग्यांनाही बाहुल्या दे. लोक हसतील. बैल दे म्हणतील. बैल दे, आणि बाहुलाही दे. धाकट्या बहिणीला कसं धरायचं, कसं थोपटायचं, हे पोराने कधी शिकायचं?

एक काळजी तुझ्या पत्रात डोकावते, की घरच्या सामानातून केलेलं लोकांना गरिबीचं वाटेल. तसं वाटून घेऊ नकोस. ताराबाई मोडकांनी मॉन्टेसोरी पद्धत इथे आणली तेव्हा तिची साधनं महागडी होती. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम करताना दगड, शिंपले, पानं, बिया, जे परिसरात मिळेल त्यातून साधनं उभी केली. अंगणवाडीची वाट तिथून निघाली. आणि आपल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा गांधीजींनी नंदलाल बोसांना मंडप सजवायला बोलावलं. एवढा मोठा चित्रकार, त्याने बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या सामानातूनच ते नगर उभं केलं. बघायला आलेल्या कुणालाही ते गरिबीचं वाटलं नाही. काम नेटकं असलं की सामानाची लाज वाटत नाही. फाटकं-तुटकं, दोरे लोंबणारं, कसंतरी भरलेलं असलं की मात्र वाटते, आणि वाटायलाच हवी.

विकण्याचं थोडक्यात सांगते. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे आणि कापडी बाहुलीही त्यात येते. हस्तशिल्प विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून पहिली बाहुली विकण्याआधी कारागीर म्हणून नोंदणी कर, ओळखपत्र घे. बचत गटातल्या आणखी जणी शिवणार असतील तर त्यांनीही करावी. टीव्हीवरची पात्रं शिवून विकू नकोस, त्यांवर दुसऱ्यांचा हक्क असतो. आणि तशी बाहुली घेऊन पोरं टीव्हीवरचंच खेळतात, स्वतःचं काही रचत नाहीत. किंमत लावताना कापडाचा हिशेब करून थांबू नकोस. बेतणं, शिवणं, भरणं, डोळे भरणं, तपासणं, सगळे तास धर. बाई घरी बसून करते म्हणून तिचा वेळ फुकटचा, असं गिऱ्हाईक समजतं. तू समजू नकोस. महाग म्हणून कुणी परत गेलं तर जाऊ दे. स्वस्तात द्यायची म्हणून दुसरी टीप गाळलीस तर मला चालणार नाही.

प्रत्येक बाहुलीसोबत तिच्याच कापडाचा वीतभर तुकडा दे आणि सांग, फाटली तर आण, नाहीतर हा तुकडा लावून घरीच सांधा. लेकरासमोर सांधा. त्याला सुईत दोरा ओवू दे. सहा-सात वर्षांचं झालं की बोथट सुई, लोकर आणि गोणपाटाचा तुकडा हातात दे. धावदोरा तासाभरात येतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलगे आधी नाक मुरडायचे, मग दप्तराचा तुटलेला बंद स्वतः शिवून आणून दाखवायचे. तुझ्या ओट्यावर अशी चार पोरं बसू लागली तर बाहुल्या विकण्यापेक्षा मला त्याचा आनंद जास्त होईल.

पिंजलेला कापूस दोन किलो बांधून ठेवला आहे. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वहिनी धुळ्याला माहेरी येणार आहेत, त्यांच्यासोबत पाठवते. देवपुरातल्या त्यांच्या माहेरून घेऊन ये. केळं, वांगं आणि बैल यांचे कागदी बेतही त्यातच आहेत. त्यावर माया धरलेली नाही, ती तू सोड. पहिला बैल शिवलास की भरू नकोस. उलटाच, शिवण बाहेर ठेवून, त्याच वहिनींच्या हाती परत पाठव. मला टिपा आणि कातरे बघायचे आहेत. पसंत पडले की कळवते, मग भर.

जावईबापूंना नमस्कार, लेकरांना गोड पापा. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे ते लिही.

तुझी,
मावशी